पऱ्हाटीचा धूर कोणत्या हिशेबात धरायचा?



जिल्ह्याच्या बैठकीत आपण कापसाच्या भावावर बोलतो, पीकविम्यावर बोलतो, वीजबिलावर, रोही-रानडुकरांवर बोलतो. या वेळी मी चुलीजवळचा विषय मांडतो आहे. काही जण म्हणतील, भावाच्या लढाईत हे काय मध्येच काढले? चुलीचे काय ते बाया पाहून घेतील. माझे म्हणणे असे आहे की घरातला धूर हा भावाच्याच प्रश्नाचा एक तुकडा आहे. जो खर्च कुठल्याही वहीत लिहिला जात नाही, तो कोणाच्या तरी अंगावरून वसूल होत असतो. हा खर्च आपल्या आईच्या, बायकोच्या, सुनेच्या छातीतून वसूल होतो आहे.

फुकटच्या जळणाची किंमत

उलंगवाडी झाली की पऱ्हाटी उपटायची, मोळ्या बांधायच्या, बैलगाडीत घालून अंगणात गंजी लावायची. त्यात तुरीच्या तुऱ्हाट्या, ज्वारीची धसकटे, उन्हाळ्यात थापलेल्या गोवऱ्या. वर्षाचे जळण झाले. खिशातून पैसा गेला नाही म्हणून आपण त्याला फुकटचे म्हणतो.

पण पऱ्हाटी उपटायला, वाहायला, रचायला, मोडून चुलीत घालायला दिवस लागतात आणि ते बहुतेक बाईचे असतात. पऱ्हाटी हलकी. भरकन पेटते, भरकन विझते. बाभळीचे लाकूड एकदा सारले की घटकाभर जळते, पऱ्हाटीला मात्र सारखी सार द्यावी लागते. म्हणून बाई चुलीपुढून हलू शकत नाही. फुंकणी हातात, तोंड चुलीपासून हातभर अंतरावर, असे रोजचे तीन-चार तास. पावसाळ्यात जळण ओले, मग धूर दुप्पट.

कृषिमूल्य आयोग उत्पादनखर्च काढताना शेतातल्या घरच्या मजुरीला दाम धरतो. तो दाम अपुरा आहे, हे आपण ओरडून सांगत आलो. पण त्या मजुराची भाकर ज्या चुलीवर होते, तिथला वेळ, तिथले आजारपण, दवाखान्याचा खर्च कुठल्याही रकान्यात नाही. सरकारच्या वहीत नाही हे खरे, पण ते आपल्या वहीत तरी कुठे आहे?

धुरातले दिसते ते आणि न दिसते ते

मळणीची धूळ अंगावर, पापण्यांवर बसते. ती जाड असते. नाक आणि घसा तिला बऱ्यापैकी अडवतात, खाकरले की पडते. चुलीच्या धुरातले कण फार बारीक असतात. माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो. ज्या कणांना शास्त्रज्ञ पीएम २.५ म्हणतात ते अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान. केसाच्या विसाव्या हिश्श्याएवढे. त्यांना नाक अडवू शकत नाही, नाकाला लावलेला लुगड्याचा पदरही नाही. ते फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसतात, त्यातले अगदी बारीक रक्तातही उतरतात.

हवेच्या एका घनमीटरमध्ये हे कण किती चालतील, याची मर्यादा आपल्या देशाने २००९ साली घातली. चोवीस तासांची सरासरी ६० मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली ती १५ वर आणली. चूल पेटलेल्या कोंदट स्वयंपाकघरात हा आकडा कित्येक शेकड्यांत आणि कधी कधी हजारांत जातो. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच किर्क स्मिथ या शास्त्रज्ञाने भारतीय सहकाऱ्यांबरोबर गुजरातच्या खेड्यांत जाऊन, स्वयंपाक करणाऱ्या बायांच्या अंगावर यंत्र लावून धूर मोजला होता. म्हणजे चाळीस वर्षांहून अधिक काळ हे ठाऊक आहे.

परिणाम काय होतो, तेही ठाऊक आहे. लहान लेकरांना न्यूमोनिया, बायांना दम लागण्याचा जुनाट आजार, हृदयाचे आजार, मोतीबिंदू. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी यांनी २००९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात पीटर बार्न्स यांच्याबरोबर लेख लिहून दाखवले की विडी-सिगारेट कधीही न ओढलेल्या माणसांनाही हा दम्यासारखा आजार मोठ्या प्रमाणात होतो आणि त्याचे एक मोठे कारण चुलीचा धूर आहे. देशभरच्या संशोधकांनी मांडलेल्या अंदाजानुसार २०१९ या एका वर्षात घरातल्या धुरामुळे भारतात सुमारे सहा लाख मृत्यू झाले.

जानेवारी २०२५ मध्ये आपल्याच शेगाव तालुक्यातल्या काही गावांत लोकांचे केस झपाट्याने गळू लागले. वर्तमानपत्रे आली, दिल्लीहून तज्ज्ञांची पथके आली. यायलाच हवी होती. पण जे नुकसान आठ दिवसांत न होता चाळीस वर्षांत होते, त्यासाठी कोणतेही पथक येत नाही. पन्नाशीतली बाई दोन घागरी आणताना धापा टाकते आणि घरचे म्हणतात, वय झाले.

शहरातले यंत्र आपल्या घरी चालेल का?

शहरात आता हवा शुद्ध करणारी यंत्रे घरोघरी दिसू लागली आहेत. आत पंखा, त्यापुढे कागदासारखी दाट घडीची गाळणी. चांगली गाळणी ०.३ मायक्रॉनचे कणही शंभरातले ९९ च्या वर धरते. यंत्र खोटे नाही. पण ते बंद खोलीत, बाहेरून थोडीथोडी धूळ येत असेल तिथे चालते. जिथे घरातच चूल पेटलेली आहे, तिथे ते म्हणजे धरण फुटल्यावर बादलीने पाणी उपसणे. किलोभर जळण साध्या चुलीत जळताना काही ग्रॅम बारीक कण हवेत सोडते. पाच-सहा किलो जळण रोज जळणाऱ्या घरात ती गाळणी काळी ठिक्कर पडायला वेळ लागणार नाही. नवी गाळणी हजारांच्या घरात, शिवाय वीज. घरात दम्याचा रोगी असेल आणि त्याची झोपायची खोली चुलीपासून वेगळी, दार लागणारी असेल, तर तिथे अशा यंत्राचा उपयोग होऊ शकतो. त्यापलीकडे आपल्यासाठी ते पहिले औषध नाही.

क्रम असा धरावा. आधी धूर निर्माणच कमी करणे, मग उरलेल्या धुराला घराबाहेर वाट देणे, आणि गाळणी सगळ्यात शेवटी.

धुराला वाट

जुन्या धाब्याच्या घराला वर सानं असायचे. घर थंड ठेवायचे, उजेड द्यायचे आणि धूर वर खेचून न्यायचे. पत्रे आले, स्लॅब आला, सानं गेले. भिंतीत एक खिडकी, तीही चोरामांजराच्या भीतीने बंद. गरम धूर वर चढतो, स्लॅबला अडतो, थंड होऊन खाली उतरतो आणि तिथेच बसलेल्या बाईच्या नाकात जातो.

म्हणून एक खिडकी पुरत नाही. खालून हवा आत यायला एक वाट आणि वरून धूर जायला दुसरी वाट लागते, शक्यतो समोरासमोरच्या भिंतींत. वरची वाट छताच्या अगदी खाली असावी. पत्र्याच्या घरात भिंत आणि पत्रा यांच्यामध्ये वीतभर फट ठेवून जाळी मारली तरी फरक पडतो. उंचावर बाहेर फेकणारा पंखा बसवता आला तर आणखी बरे, पण समोरून हवा आत यायला वाट नसेल तर तो पंखा नुसता फिरतो.

मात्र खिडकीचा हिशेबही नीट समजून घ्या. घरातून जाणारी हवा दुप्पट केली की धूर साधारण निम्मा होतो. समजा स्वयंपाकघरात चोवीस तासांची सरासरी ६०० आहे. हवा दुप्पट केली तर ३००, चौपट केली तर १५०. मर्यादा ६० ची. म्हणजे नुसत्या खिडक्यांनी दुखणे कमी होईल, मिटणार नाही. खिडकी मोफत आहे म्हणून ती आजच उघडावी, पण त्यावर थांबू नये.

आणखी तीन गोष्टी याच हिशेबातल्या आहेत. आंघोळीचे पाणी तापवायला बरेच जळण जाते, ते चुलवण घराबाहेर उघड्यावर न्यावे. हिवाळ्यात निखाऱ्याची शेगडी घेऊन दार लावून झोपू नये. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि माणूस झोपेतच जातो. आणि डासांची अगरबत्ती. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत एक कॉइल जळून संपेपर्यंत ७५ ते १३७ सिगारेटींएवढे बारीक कण सोडते असे आढळले. बंद खोलीत लेकराच्या उशाशी ती लावण्यापेक्षा मच्छरदाणी बरी.

धुराड्याचा इतिहास

बिनधुराची चूल ही नवी गोष्ट नाही. आपल्या विदर्भातच, वर्ध्याच्या मगनवाडीत, जे. सी. कुमारप्पांच्या ग्रामोद्योग संघाने १९४० च्या दशकात मगनचूल केली होती. पुढे १९८३ साली केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला. वीस वर्षांत तीन कोटींहून अधिक चुली बसल्या आणि २००२ साली कार्यक्रम बंद झाला. त्यातल्या किती चुली आज कोणाच्या घरात आहेत, ते तुमच्या गावात पाहा.

मग धुराडे निरुपयोगी आहे का? ग्वाटेमाला देशात २००२ ते २००४ मध्ये पाचशेहून अधिक घरांत धुराड्याच्या चुली देऊन तपासणी झाली. लेकरांना होणारा गंभीर न्यूमोनिया साधारण एक तृतीयांशाने कमी झाला, पण एकूण न्यूमोनियात खात्रीने म्हणावी अशी घट दिसली नाही. आपल्या ओडिशात सुमारे २६०० घरांत चार वर्षे पाहणी झाली. पहिल्या वर्षी बायांच्या श्वासातला धूर कमी झाला, पुढे तो फरक पुसला गेला. कारण चुली फुटल्या, धुराडी काजळीने बुजली, दुरुस्त कोणी केली नाहीत, वापर सुटला.

यातून शेतकऱ्याने घ्यायचा धडा साधा आहे. पंपाची आपण देखभाल करतो, बैलजोडीची करतो, फवारणी यंत्राची करतो. चुलीची करत नाही, कारण ती आपल्या हातात नसते. धुराडे बसवायचे तर पाइप चार इंच किंवा मोठा, सरळ उभा, आडवा वळवलेला नको. छताच्या वर किमान दोन फूट जावा, नाही तर आपला धूर शेजाऱ्याच्या खिडकीत. प्लॅस्टिकचा पाइप चालत नाही. गवताचे छप्पर असेल तर पाइपाभोवती मातीचा जाड गळा करावा. महिन्यातून एकदा काजळी काढावी आणि ते काम घरातल्या पुरुषाने करावे. चुलीत लोखंडी जाळी टाकून खालून हवा लागू दिली आणि जळण पूर्ण वाळवून वापरले तर धूर मुळातच कमी होतो.

गॅस आला, भरायचा कशाने?

खरा उपाय जळण बदलणे हा आहे. १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातल्या बलियाहून उज्ज्वला योजना सुरू झाली. जोडण्या घरोघर आल्या, हे मान्य केले पाहिजे. पण सरकारचेच आकडे पाहा. उज्ज्वलाच्या घरात वर्षाला सरासरी किती सिलिंडर भरले गेले? २०१९-२० साली तीन. २०२४-२५ साली साडेचारच्या आत. पाच-सहा माणसांच्या घराचा सारा स्वयंपाक गॅसवर करायचा तर आठ-दहा सहज लागतात. म्हणजे शेगडी घरात आहे, आणि चूलही पेटलेली आहे.

लोक म्हणतात, ज्वारीची भाकर गॅसवर होत नाही, चुलीची सवय सुटत नाही. भाकरीचे खरे आहे. पण मुख्य कारण सवय नाही, पैसा आहे. एप्रिल २०२५ मध्ये उज्ज्वलाच्या सिलिंडरची दिल्लीतली किंमत ५०३ वरून ५५३ रुपये झाली. आपल्याकडे थोडा फरक. २०२५-२६ च्या हंगामासाठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७७१० रुपये क्विंटल. म्हणजे एका सिलिंडरला सव्वासात किलो कापूस, आठ सिलिंडरला ५७ किलो. हा हिशेब हमीभावाचा झाला. गावात येऊन काटा लावणारा व्यापारी त्याहून कमी देतो, तेव्हा किलो वाढतात. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क काढले, पुढे ती सवलत डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. ऐन वेचणीच्या हंगामात भाव दबला. कापसाचा भाव पडला की घरात पहिली काटछाट कशात होते? सिलिंडरमध्ये. कारण पऱ्हाटी अंगणात आहेच. म्हणून मी म्हणतो, आयातशुल्काचा निर्णय दिल्लीत होतो आणि त्याचा धूर खामगाव-नांदुऱ्याच्या स्वयंपाकघरात निघतो.

गॅस परवडला तर किती फरक पडतो, हेही मोजले गेले आहे. भारत, ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडा या चार देशांत गरोदर बायांना दीड वर्ष गॅस फुकट, घरपोच दिला. भारतातले गट तामिळनाडूतले होते. चुलीवरच राहिलेल्या बायांच्या श्वासात बारीक कण सुमारे ७१ होते, गॅसवाल्यांच्या सुमारे २४. एक तृतीयांश. २०२२ साली निकाल आले. त्यात बाळाच्या वजनात मात्र मोठा फरक आढळला नाही, तेही सांगितले पाहिजे. गॅस म्हणजे जादू नाही. पोषण, आराम, दवाखाना यांची जागा तो घेत नाही. पण धूर दोन तृतीयांशाने उतरतो, तोही बाईला आठ-दहा सिलिंडर मोकळ्या हाताने वापरता आले तर.

आणि इथे इंडिया आणि भारत यांतला फरक पाहा. हमरस्त्यावर ‘चुलीवरची भाकर, चुलीवरचे मटण’ अशा पाट्या लागतात. शहरातली मंडळी गाडी थांबवून हौसेने जेवतात आणि घरी जाऊन हवा गाळणाऱ्या यंत्राचे बटण दाबतात. त्यांची हौस एका जेवणाची आहे. आपल्या घरातल्या बाईला ती चूल जन्माची लागली आहे.

अंगणातल्या गंजीतला दुसरा शत्रू

आता शेतीच्या बाजूने पाहू. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भातला कापूस कसा पोखरला, ते विसरला नाहीत. ही अळी हंगाम संपल्यावर पऱ्हाटीला लटकलेल्या किडक्या, न उमललेल्या बोंडांत, सरकीच्या आत सुप्तावस्थेत राहते. म्हणून नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि कृषी विभाग दरवर्षी सांगतात की हंगाम डिसेंबर-जानेवारीत संपवा, फरदड घेऊ नका, पऱ्हाटी रचून ठेवू नका. आपण ऐकत नाही. आळशी आहोत म्हणून नाही, तर तेच आपले वर्षाचे जळण आहे म्हणून. म्हणजे एकच गंजी जूनपर्यंत अळीला आसरा देते आणि वर्षभर बाईला धूर. जोवर घरात दुसरे जळण नाही, तोवर बोंडअळीचा सल्ला कागदावरच राहणार. कृषी विभागाने हे समजून घ्यावे.

पऱ्हाटी शेतातच जाळणे हाही मार्ग नाही, तो धूर गावभर होतो आणि जमिनीचा कस जातो. यंत्राने बारीक करून जमिनीत मिसळता येते. मुंबईची केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था आणि तिचे नागपूरचे केंद्र पऱ्हाटीपासून दाबलेल्या कांड्या, गोळ्या आणि पाट्या करण्याचे तंत्र देते. ज्याला आपण पांढरा कोळसा म्हणतो तो कारखान्यांना लागतो. पऱ्हाटीला तालुक्याच्या ठिकाणी काट्यावर भाव मिळाला, तर अंगणातली गंजी सिलिंडरमध्ये बदलता येईल. हे आपल्या संघटनेच्या पठडीतले उत्तर आहे. भीक नको, मालाचा दाम हवा, आणि पऱ्हाटी हाही माल आहे.

बैठकीपुढे ठेवायचे ठराव

१९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचे अधिवेशन झाले. पुढे लक्ष्मीमुक्तीच्या कार्यक्रमात अनेक शेतकऱ्यांनी जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे केला. सात-बारावर जिचे नाव लागले, तिच्या स्वयंपाकघरात झरोका लागू नये, हे चळवळीला शोभत नाही. म्हणून चार ठराव सुचवतो.

एक, घरकुलाबद्दल. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलात स्वयंपाकाच्या जागेसह किमान २५ चौरस मीटर क्षेत्र धरलेले आहे. पण धूर कुठून जाणार? स्लॅब टाकण्याआधी चुलीच्या जागी सहा इंची पाइप सोडायला खर्च नगण्य, नंतर स्लॅब फोडायला कोणी धजत नाही. पंचायत समितीने घरकुलाच्या नकाशात धुराड्याची जागा आणि समोरासमोरच्या दोन वाटा बंधनकारक कराव्यात. ज्यांचे घरकुल आज पायाच्या पातळीवर आहे, त्यांनी ठरावाची वाट न पाहता गवंड्याला सांगावे.

दोन, सिलिंडरबद्दल. राज्य सरकारने २०२४ साली अन्नपूर्णा योजनेत वर्षाला तीन सिलिंडर मोफत देण्याचे जाहीर केले. ते प्रत्येक पात्र घराला खरोखर मिळतात का, याची गाववार यादी आपण करावी. पैसे खात्यात अडकले असतील त्यांची नावे तहसीलदारांपुढे ठेवावीत.

तीन, पऱ्हाटीबद्दल. कापसाच्या प्रत्येक तालुक्यात पऱ्हाटी खरेदीचे एक केंद्र उभे राहावे, शेतकरी उत्पादक कंपन्यांना त्यासाठी यंत्र मिळावे.

चार, कापसाबद्दल. हंगामात आयात खुली करून भाव पाडण्याचे धोरण बंद व्हावे. हा ठराव आपण दरवर्षी करतो. या वेळी त्याच्या कारणांत घरातल्या धुराचा हिशेबही लिहावा, म्हणजे कापसाच्या भावाशी बायाबापड्यांच्या फुप्फुसाचा काय संबंध आहे ते कागदावर येईल.

आणि एक काम ठरावाशिवायचे. बैठकीहून घरी गेल्यावर स्वयंपाक चालू असताना एकदा चुलीजवळ बसा. अर्धा तास. मग भिंतीकडे आणि छताकडे पाहा आणि झरोका कुठे पाडायचा ते घरच्या बाईला विचारा. तिला ते आधीपासून ठाऊक आहे. पुढच्या बैठकीला येताना आपल्या गावात किती घरांत धुराला वाट केली, तो आकडा घेऊन या.